फडताळांतील विमान

यंदाच्या वैशाखांत, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, आम्ही विमानविद्येच्या अभ्यासास बसलों असें सांगितल्यास आमचे जुने विद्यार्थी हंसतील. पस्तीस वर्षें आम्हीं शब्द चालवून घेतले, समास सोडवून घेतले, शुद्धलेखनाच्या वह्या तांबड्या केल्या. यंत्र म्हणून जें हातीं धरलें त्याची मजल सायकलीच्या पंपापलीकडे गेली नाहीं. तथापि प्रसंगच असा आला कीं, नातवाच्या संगणकाचें पोट उघडून आंत डोकावणें भाग पडलें. आंत जें दिसलें तें आम्हांस फारसें भूषणावह नव्हतें. परंतु घडलें तसें लिहितों.

आमचें घर रिद्धपुरास. मोर्शी तालुक्यांतील हें गांव महानुभावांचें थोर क्षेत्र. गोविंदप्रभूंचें वास्तव्य येथलें आणि म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें तेंहि येथेंच. आम्ही त्या पंथाचे नव्हों, पण ज्या गांवांत मराठी गद्याचा पाया घातला गेला तेथें शुद्धलेखन तपासण्यांत आयुष्य गेलें याचा थोडा अभिमान बाळगतों. घरीं तिघां भावांचा संसार एकत्र. चौदा पानें एका पंक्तीस. थोडी कोरडवाहू शेती आहे, तिचा कापूस कार्तिकांत घरांत येतो व भाव बरा येईपर्यंत माजघराला लागून असलेल्या खोलींत पडून राहतो. या कापसाचा पुढें संबंध येणार आहे.

नातू थोरल्या चिरंजिवांचा. त्यास लहानपणापासून विमानांचें वेड. बारावीनंतर तो वायुसेनेच्या निवडमंडळापुढें गेला. तेथें वैमानिक होऊं इच्छिणाऱ्यांची एक संगणकीय परीक्षा घेतात. हात, पाय आणि नजर यांचा मेळ किती जमतो तें तींत पाहतात. ही परीक्षा जन्मांत एकदांच देतां येते. तींत जो उतरला नाहीं त्यास उड्डाणशाखेचें दार कायमचें बंद. आमचा नातू तींत उतरला नाहीं. नापास झालेल्या शेंकडों मुलांच्या पाठीवर हात ठेवून आम्हीं 'ऑक्टोबरांत पुन्हां बैस' असें सांगितलें असेल. या एका मुलास तें सांगतां येईना.

तो परत आला, अमरावतीस महाविद्यालयांत जाऊं लागला, शिकवण्या करून पैसे सांठविले आणि तेथील एका दुकानांतून संगणक आणला. रात्रीं जेवणें झाल्यावर तो त्यावर लढाऊ विमान उडवी. 'डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर' असें त्या खेळाचें नांव. त्यांत आपलें मिग-२१ देखील आहे, ज्याची बांधणी नाशकाजवळ ओझरला होत असे आणि जें १९६३ पासून बासष्ट वर्षें सेवा करून २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगडास निवृत्त झालें. त्या निरोपाचा समारंभ नातवानें ओसरीवर एकट्यानें बसून पाहिला होता. आम्ही मात्र त्यास एकदां म्हणालों, "ज्यांत नापास झालास त्याचाच खेळ मांडून बसतोस?" तो कांहीं बोलला नाहीं. पाहुण्यारावळ्यांच्या दृष्टीस तें यंत्र पडूं नये म्हणून तें माजघरांतील भिंतीच्या फडताळांत ठेवावें, अशी आज्ञाहि आम्हींच केली. आमच्या कुटुंबानें त्यावर लोकरीचें विणलेलें झांकण घातलें. काम सुबक होतें.

दोन वर्षें अशीं गेलीं. यंदा चैत्र संपतां संपतां तो आमच्याकडे आला आणि संगणकाच्या स्मृतीसाठीं पैसे मागूं लागला. घरची तिजोरी आमच्या हातीं. यंत्र मंदावलें आहे एवढें कारण आम्हांस पुरें पडेना. "रोग काय तें सिद्ध कर, मग औषधाचे पैसे देऊं," असें आम्हीं सांगितलें, व दुसऱ्या दिवशीं पाट घेऊन त्याच्याजवळ तोंडी परीक्षा घेण्यास बसलों.

प्रथम त्यानें आम्हांस मंदावणें म्हणजे काय तें सांगितलें. पडद्यावरचें विमान सरकत नसतें. यंत्र एकामागून एक स्थिर चित्रें काढीत असतें. सिनेमास सेकंदाला २४ चित्रें पुरतात. "मग तुला साठ कशाला हवींत?" आम्हीं विचारलें. उत्तर समर्पक आलें. सिनेमा आपण नुसता पाहतों. येथें हातानें दांडा वळवावयाचा असतो आणि त्याचा परिणाम पुढल्या चित्रांत दिसावयाचा असतो. सेकंदास ६० चित्रें म्हणजे एका चित्रास सुमारें १७ सहस्रांश सेकंद. २० चित्रें म्हणजे ५० सहस्रांश. एवढ्या विलंबानें उत्तर आलें म्हणजे हात आवश्यकतेपेक्षां अधिक वळतो, मग उलट वळवावा लागतो, आणि विमान दारुड्यासारखें झोकांड्या खातें. त्याच्या यंत्राची गति त्या दिवशीं २२ वर होती.

मग आमच्या ध्यानीं आलें कीं, तो एकाच शब्दानें दोन निरनिराळे रोग सांगत आहे. वर्गांत एक मुलगा हळू वाचतो. दुसरा भरभर वाचतां वाचतां एखाद्या जोडाक्षरापाशीं अडखळून उभा राहतो. दोघांचीं कारणें वेगळीं व उपायहि वेगळे. त्याचें यंत्र सदोदित हळू चाले, आणि शिवाय शहरावरून उडतांना मधूनच क्षणभर थिजे. आम्हीं हें विचारल्यावर त्यानें चमकून आमच्याकडे पाहिलें. शिक्षकास एवढी दक्षिणा पुष्कळ झाली.

अडखळण्याचें कारण लवकर सांपडलें. संगणकास दोन प्रकारचा सांठा असतो: एक रॅम, म्हणजे कंठस्थ विद्या, दुसरा डिस्क, म्हणजे माळ्यावरच्या पोथ्या. कंठांत मावेनासें झालें कीं यंत्र कांहीं भाग माळ्यावर ठेवतें आणि लागेल तेव्हां शिडी लावून आणतें. त्या शिडीच्या फेऱ्यांत चित्र थिजतें. पोथी हरवली तर जाणत्यांच्या कंठांतून पुन्हां उतरवून घेतां येते, हें रिद्धपूरच्या माणसास सांगावयास नको. लीळाचरित्राची मूळ प्रत गेल्यावर तेंच झालें अशी परंपरा आहे. यंत्राचा कंठ मात्र वीज जातांच रिकामा होतो. नातवाच्या यंत्रांत १६ जीबीची एकच पट्टी होती. दोन सारख्या पट्ट्या दोन घरांत बसविल्या तर त्यांच्याशीं होणारी देवघेव दुप्पट रुंद वाटेनें चालते. एकच बसविली तर अर्धी वाट रिकामी. ज्या दुकानदारानें यंत्र विकलें त्यानें दोन म्हणून सांगून एक दिली होती, आणि मुलानें झांकण उघडून मोजली नव्हती. त्याबद्दल त्याचे दोन गुण कापले.

हळू चालण्याचा रोग कठीण निघाला. त्यानें एकेक भार उतरवून पाहिला. विमानांतील आरसे बंद केले, कारण आरशांत मागचें दृश्य दाखवावयाचें म्हणजे तें पुन्हां रेखाटावें लागतें. ढग साधे केले, सांवल्या पुसट केल्या. गति २२ ची २५ झाली. मग त्यानें पडद्यावरील चित्र मुद्दाम लहान व जाडेंभरडें केलें. ही परीक्षा आम्हांस फार आवडली. हिला न्यायशास्त्रांतील अन्वयव्यतिरेकाची योग्यता आहे. चित्र रंगविणारें ग्राफिक्स कार्ड वेगळें आणि हिशेब करणारा प्रोसेसर वेगळा. विमानावर वारा कसा लागतो, शत्रूचीं दहा विमानें काय डाव टाकतील, सुटलेलें क्षेपणास्त्र कोठें पोंचलें, हा सारा हिशेब प्रोसेसराचा. चित्र लहान केल्यानें रंगाऱ्याचें काम घटतें, हिशेबनिसाचें घटत नाहीं. चित्र लहान केलें तरी गति २५ च राहिली. म्हणजे रंगारी हात जोडून बसला होता आणि खोळंबा हिशेबनिसाकडे होता.

येथें थोडें विषयांतर होतें, पण वऱ्हाडी माणसास तें आवरत नाहीं. प्रोसेसराच्या पोटांत हल्लीं सहा-आठ हिशेबनीस असतात. तरी या खेळाचा बहुतेक भार वर्षानुवर्षें एकाच हिशेबनिसावर पडत असे, आणि कामाची बरी वांटणी २०२३ सालीं सुरूं झाली. पुष्कळ लहान प्रोसेसरांस एकत्र जुंपून मोठें काम करून घेण्याची युक्ति आपल्याकडे तीस वर्षांपूर्वींच साधली होती. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला तो याच तत्त्वावर. आणि त्या कार्याचे धुरीण डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे, १९४६ चा जन्म. नातवानें तें ऐकून घेतलें व नम्रपणें म्हटलें, "आजोबा, वांटणी झाली तरी मुख्य हिशेबनीस एकच राहतो. तो धांवला तरच बाकीचे धांवतात." हेंहि खरेंच निघालें.

तर तो मुख्य हिशेबनीस धांवत कां नाहीं? नातवानें एक आंकडा काढून दाखविला. सेकंदास चार अब्ज ठोक्यांहून अधिक वेगानें चालण्याची त्याची शक्ति. प्रत्यक्षांत खेळ सुरूं होऊन दहा मिनिटें झालीं कीं तो दोन अब्जांखालीं येई. शेजारीं दुसरा आंकडा होता: ९७. "हे काय गुण?" आम्हीं विचारलें. "नाहीं आजोबा, अंश. उष्णता." बाहेर अंगणांत त्या दिवशीं ४५ अंश होते. शंभराच्या आसपास गेल्यावर प्रोसेसर जळूं नये म्हणून आपण होऊन चाल मंद करतो, तशी त्याची रचनाच असते. माणूसहि दुपारीं शेतांत तेंच करतो.

फडताळाचें दार आम्हीं आपल्या हातानें उघडलें. आंतून चुलीसारखी झळ आली. तिन्ही बाजूंस भिंत, पुढें दार, वर लोकरीचें झांकण. यंत्राचा पंखा आपणच बाहेर टाकलेली तप्त हवा पुन्हां आंत ओढीत होता. पत्रा काढला तों पंख्यामागील धातूच्या पात्यांवर पांढरी गादी बसलेली. नातवानें चिमट्यानें ती उचलली. कापूस. आमच्याच शेतांतला, शेजारच्या खोलींतून दोन हंगाम तंतु तंतु उडून आलेला.

"हें तुला ठाऊक होतें?"

"कापसाचें नव्हतें. फडताळाचें होतें."

"मग बोलला कां नाहींस?"

तो पात्यांवरून ब्रश फिरवीत राहिला. थोड्या वेळानें म्हणाला, "तुम्हीं ठेवायला सांगितलेंत ना."

दोन वर्षें तो शिजत्या यंत्रापुढें बसला होता आणि आम्हांस शब्दानें बोलला नव्हता. स्मृतीचे पैसे मागावयास आला तेव्हां देखील जें मागणें सोपें तेंच त्यानें मागितलें. आम्हांस त्या वेळीं 'ज्यांत नापास झालास' हें आमचें वाक्य आठवलें. त्यालाहि आठवत असावें. विद्यार्थी चुकला म्हणजे ती चूक फळ्यावर लिहून सुधारतां येते. हें वाक्य कोणत्या फळ्यावर लिहावें तें आम्हांस कळेना. आम्ही म्हणालों, "उद्यां हें बैठकींत ठेवूं." बैठक म्हणजे आमच्या वडिलांची तसबीर, शाळेचें मानपत्र आणि पाहुणे यांची जागा. त्यानें वर पाहिलें व पुन्हां ब्रश फिरवूं लागला.

पुढील काम चटकन् झालें. तंतु काढले, प्रोसेसर व धातूचीं पातीं यांमध्यें उष्णता वाहून नेणारा एक लेप असतो, तो वाळून खडूसारखा झाला होता तो पुसून नवा लावला. यंत्र बैठकींत भिंतीपासून वीतभर दूर मांडलें. धाकट्या बंधूंनीं त्यासमोर कूलर लावण्याची सूचना केली, पण ओली हवा धातूस बरी नाहीं म्हणून ती मागें पडली. विजेचा दाब आमच्याकडे रात्रीं चढउतार करतो, त्यासाठीं स्टॅबिलायझर बसविला. नुसत्या सफाईनें व जागा बदलल्यानें ९७ चे ७६ अंश झाले आणि गति २५ ची ५१. ढग, सांवल्या व एक आरसा परत मिळाला. दुसरी पट्टी आणल्यावर अडखळणेंहि गेलें. तिचे पैसे आम्हीं तिजोरींतून न देतां आमच्या निवृत्तिवेतनांतून दिले. शेवटीं नातवानें गतीस ४५ वर लगाम घातला. ती तीस व साठांमध्यें उड्या मारते त्यापेक्षां एका चालीनें चाललेली हातास बरी, असें तो म्हणाला. छंद शिकविणारास हें पटवावें लागत नाहीं.

असल्या कृत्रिम विमानांचा आद्य कर्ता एडविन लिंक नांवाचा अमेरिकन. त्याच्या वडिलांचा ऑर्गन-पियानोंचा कारखाना होता. वाद्यांचे भाते वापरूनच त्यानें १९२९ सालीं जमिनीवर डोलणारें विमान केलें. विमानदलानें प्रथम त्याकडे दुर्लक्ष केलें. १९३४ मध्यें टपाल नेतांना वैमानिक मरूं लागले, तेव्हां सहा यंत्रें विकत घेतलीं. नातवानें हें सांगितल्यापासून आमच्या कुटुंबास त्या खेळाविषयीं आदर वाटूं लागला आहे, कारण त्यांच्या पेटीसहि भाताच आहे. लोकरीचें झांकण आतां त्या पेटीवर गेलें.

एका रात्रीं त्यानें आम्हांस खुर्चींत बसविलें आणि दांडा हातीं दिला. मिग-२१ जमिनीस टेंकतांना फार वेगांत असतें; आमच्या सायकलीची संवय तेथें निरुपयोगी. धावपट्टी अंगावर धांवून आली आणि पडदा काळा झाला. तिघां भावांचीं मुलें, सुना, सारीं भोंवतीं उभीं होतीं, तीं हंसलीं. नातू हंसला नाहीं. त्यानें आमची बोटें दांड्यावर नीट ठेवलीं आणि म्हणाला, "पुन्हां बसा, आजोबा. नाक थोडें वर ठेवा."

सात वेळां आपटलें. आठव्या वेळीं एक चाक मोडून कां होईना, थांबलें.

आतां कार्तिकांत कापूस येईल. माजघराशेजारची खोली बैठकीपासून दूर नाहीं, आणि तंतूंस आज्ञा करतां येत नाहीं. धाकट्या बंधूंचें म्हणणें, यंदा वेचणी होतांच विकावा. आमच्या मतें भावासाठीं माघापर्यंत थांबावें. त्याचा निकाल अजून लागावयाचा आहे.