मी गाळलेले प्रश्न

२००६ च्या सुमाराला महाराष्ट्रातल्या मोठ्या गुन्ह्यांचा तपास फिरून फिरून बंगळुरूला यायचा. मडिवाळच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं नाव देशभर गाजत होतं. मुद्रांक घोटाळ्यातल्या अब्दुल करीम तेलगीची नार्को चाचणी इथेच झाली, अबू सालेमला इथेच आणलं. मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर आणि मालेगावच्या स्फोटांनंतर पकडलेल्या संशयितांनाही इथे आणून भुलीचं औषध टोचलं गेलं. मी बेळगावची, लग्नानंतर बंगळुरूकर झालेली. महाराष्ट्रातल्या एका दैनिकासाठी इथून बातम्या पाठवायचे. कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही भाषा येत असल्यामुळे या बातम्या साहजिकच माझ्याकडे आल्या.

त्या काळात माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यांतली एकही कायद्याने गुन्हा नव्हती. पण फौजदारी न्यायव्यवस्थेतले नैतिक निर्णय न्यायाधीश, पोलीस आणि वकील एवढेच घेतात, ही माझी तेव्हाची समजूत साफ चुकीची होती. बातमीदारही असे निर्णय घेतो. ते रात्री साडेनऊला, पान लागायच्या घाईत, एखादं वाक्य ठेवताना किंवा कापताना घेतले जातात आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही.

पहिली चूक विचाराची होती. तपासासाठी महाराष्ट्रातून आलेल्या एका अधिकाऱ्याला मी विचारलं होतं, "साहेब, माणसाला गुंगीत ठेवून बोलतं करायचं, हे योग्य आहे का?" ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, पूर्वी आमच्याकडे पट्टा होता. आता सुई आहे. डॉक्टर असतात, भूलतज्ज्ञ असतो, कॅमेरा असतो. तुम्हीच सांगा, काय बरं?" मला उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही म्हणून त्यांचं पटलं, असं मी धरून चालले. त्यांच्या बाजूने कायदाही उभा होता. तेलगी प्रकरणातूनच आलेल्या एका याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अशा चाचण्यांना हिरवा कंदील दाखवला होता. कोठडीतल्या मारहाणीविषयी मी पुष्कळ लिहिलं होतं. मारहाण थांबणार असेल तर विज्ञानाला विरोध का करायचा, असं मला वाटे. पट्टा आणि सुई या दोहोंना नकार देता येतो, तपास म्हणजे पुरावे शोधण्याचं कष्टाचं काम, हा तिसरा पर्याय त्या संभाषणात नव्हता. तो मी आणायला हवा होता.

दुसरी चूक हातून झाली आणि तीच मला सर्वांत जड जाते. एका माहितगाराने मला एका संशयिताच्या चाचणीचं शब्दांकन वाचायला दिलं. तो माणूस कोण, हे मी तेव्हा सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. संशयित खानदेशातला तरुण होता. कोणत्या प्रकरणातला, तेही सांगत नाही. त्याचं कारण पुढे येईल. मी पानं वाचली. प्रश्न लांबलचक होते, उत्तरं एकेका शब्दाची. "अमुक माणूस तुझ्याकडे आला होता ना?" "हं." "त्याने पिशवी दिली, बरोबर?" "पिशवी... हो." "पिशवीत काय होतं?" "आईचं औषध." मग तोच प्रश्न पुन्हा, थोडा वळवून. पुन्हा आईचं औषध. मग आणखी एकदा, आणि या वेळी उत्तर आलं, "सामान होतं."

हे सगळं मी डोळ्यांनी वाचलं होतं. नाव प्रश्नकर्त्याने घेतलं होतं, पिशवी प्रश्नकर्त्याने आणली होती. मी प्रश्न गाळले आणि उत्तरं जोडली. छापून आलं ते असं : संशयिताने नार्को चाचणीत अमुक माणसाचं नाव घेतलं आणि त्याच्याकडून पिशवीत सामान मिळाल्याचं सांगितलं. आईच्या औषधाचा उल्लेख जागेअभावी गेला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ते दोन शब्द ठेवले असते तर बातमी उभीच राहिली नसती. बातमी पहिल्या पानावर आली, माझ्या नावासह.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब एरवी न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे न्यायालयाची बातमीदारी करणाऱ्या माणसाला पहिल्या महिन्यात कळतं. पुरावा कायद्याचं कलम २५ मला पाठ होतं. इंग्रज सरकारनेसुद्धा १८७२ मध्ये ही तरतूद केली, कारण कोठडीत माणसाकडून काय वदवून घेता येतं याची त्यांना कल्पना होती. म्हणजे न्यायाधीशासमोर जे ठेवायला कायद्याची बंदी होती, ते मी लाखभर वाचकांसमोर ठेवलं. न्यायाधीशाला उलटतपासणीची सोय असते. माझ्या वाचकाला ती नव्हती, कारण मी त्याच्यापासून प्रश्नच लपवले होते.

तिसरी चूक म्हणजे जे विचारायला हवं होतं ते न विचारणं. बंगळुरूच्या न्यायालयात एक ज्येष्ठ वकीलबाई होत्या. मी बातमी केलेल्या प्रकरणाशी त्यांचा संबंध नव्हता. कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला थांबवून एवढंच विचारलं, "त्या मुलाने संमती दिली होती का?" मी म्हटलं, "न्यायालयाची परवानगी होती." त्या म्हणाल्या, "ते मी विचारलं नाही." राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० सालीच पॉलिग्राफ चाचणीसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली होती : संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी, वकिलाची मदत मिळावी, संमतीचे परिणाम त्या माणसाला समजावून सांगावेत. ती मी वाचलीच नव्हती. 'चाचणीत काय निघालं' हे मी प्रत्येक वेळी विचारलं. 'तो हो म्हणाला होता का, आणि हो म्हणताना त्याच्या शेजारी कोण उभं होतं' हे एकदाही विचारलं नाही.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन आणि न्यायमूर्ती जे. एम. पांचाळ यांचं पीठ. नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या तिन्ही चाचण्या माणसाच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाहीत, असं त्यात स्पष्ट सांगितलं. तशी सक्ती म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) आणि २१ चा भंग. संमतीने चाचणी झाली तरी त्या अवस्थेतलं बोलणं थेट पुरावा ठरत नाही, कारण बोलणाऱ्याचा स्वतःच्या बोलण्यावर ताबा नसतो. त्यातून पुढे एखादी वस्तू सापडली तर तेवढीच तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली विचारात घेता येईल, असं न्यायालयाने म्हटलं.

मी अडीचशे पानांचं ते निकालपत्र सलग वाचून काढलं. या औषधांचा इतिहास १९२२ पर्यंत मागे जातो. टेक्ससमधले प्रसूतितज्ज्ञ रॉबर्ट हाउस यांनी बाळंतपणात स्कोपोलामाइन दिलेल्या बायका गुंगीतही प्रश्नांची उत्तरं देतात हे पाहिलं आणि ते औषध कैद्यांवर वापरून पाहिलं. 'सत्याचं औषध' ही कल्पना तिथून रुजली. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टाउनसेंड विरुद्ध सेन या खटल्यात अशा औषधाच्या अमलाखाली निघालेला कबुलीजबाब ग्राह्य नाही, असं म्हटलं. हे औषध संकोच सैल करतं, पण खरं बोलायला लावत नाही. माणूस सुचवलेलं उचलतो, ऐकलेलं आणि घडलेलं एकत्र करतो, विचारणाऱ्याला हवं ते बोलतो. वाचता वाचता मला 'सामान होतं' हे उत्तर आठवलं. अधिकाऱ्याच्या त्या प्रश्नाचं उत्तरही तिथे होतं : सक्ती म्हणजे फक्त मार नव्हे. माणसाला बोलायचं की गप्प राहायचं हे ठरवण्याची शक्तीच काढून घेणं, हीसुद्धा क्रूर आणि अवमानकारक वागणूक आहे. २००६ मध्ये हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वकीलबाईंच्या एका प्रश्नात ते सगळं होतं.

चौथी चूक त्यानंतरच्या वर्षांतली. तो तरुण सुटला, ती बातमी आतल्या पानावर एका कॉलमात आली. ती मी लिहिली नव्हती, आणि मला ती लिहू द्या असं मी कुणाला म्हटलंही नाही. पुढे बऱ्याच काळाने त्याच्या थोरल्या भावाला मी भेटले. तो माझ्यावर चिडेल, असं मनाशी धरून गेले होते. तो चिडला नाही. त्याने सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं : "मॅडम, तुमच्या बातमीनंतर आमच्या तालुक्यातला एकही वकील केस घेईना. आधी एक जण तयार होते. पेपर वाचून त्यांनी कागद परत केले. म्हणाले, त्याने कबूलच केलंय, आता मी काय करू?" मुंबईचा वकील मिळेपर्यंत बरेच महिने गेले. त्या काळात त्याच्या बाजूने न्यायालयात कुणी बोललंच नाही.

दहशतवादाच्या आरोपींचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असे ठराव तेव्हा देशात अनेक ठिकाणी वकील संघटनांनी केले होते. ते बेकायदा आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सांगितलं. पण त्या तालुक्यात ठरावाची गरजही पडली नाही, माझी बातमी पुरेशी झाली. बदनामी होते, सोयरीक मोडते, एवढं मी गृहीत धरलं होतं. बातमीमुळे माणसाचा बचावच काढून घेतला जाऊ शकतो, हे मला कळलं नव्हतं.

माझ्या बाजूने एक युक्तिवाद मी बरीच वर्षं करत असे आणि तो पोकळ नव्हता. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, दीडशेहून जास्त माणसं गेली. ८ सप्टेंबरला मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. ज्यांची माणसं गेली त्यांना उत्तर हवं होतं, आणि ते लवकर पोचवणं हे माझं काम आहे, असं मी मानत होते. पण पुढे काय झालं? मालेगावच्या त्या प्रकरणातल्या नऊ जणांपैकी एकाचा आधीच मृत्यू झाला. उरलेल्या आठ जणांना मुंबईच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये दोषमुक्त केलं. लोकल स्फोटांत २०१५ मध्ये दोषी ठरलेल्या बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवलं. तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने लगेच सांगितलं. पण एकोणीस वर्षांनंतरही गेलेल्या माणसांच्या घरच्यांना खात्रीचं उत्तर मिळालेलं नाही. घाईने मिळवलेलं उत्तर टिकलं नाही की सर्वांत मोठी फसवणूक त्यांचीच होते. एकदा उत्तर मिळालं असं वाटलं की शोध थांबतो, आणि तो थांबवण्यात माझ्यासारख्यांच्या पहिल्या पानांचाही वाटा असतो.

या चुका जुन्या काळाच्या म्हणून सोडून देता येत नाहीत. २०२२ मध्ये वसईच्या तरुणीच्या खुनानंतर आरोपीची दिल्लीत संमतीने नार्को चाचणी झाली, तेव्हा वाहिन्यांवर दिवसभर तेच चालू होतं आणि 'काय बोलला' एवढाच सगळ्यांचा प्रश्न होता. बिहारमधल्या एका प्रकरणात सगळ्या आरोपींची नार्को चाचणी करू, हे पोलिसांचं म्हणणं उच्च न्यायालयाने जामिनाच्या सुनावणीत मान्य केलं. ते जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावं लागलं, सेल्वी निकाल येऊन पंधरा वर्षं झाल्यावर. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू आहे, कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं. पण कायद्याला माहीत असलेली गोष्ट बातमीच्या घाईत पुन्हा पुन्हा हरवते.

हल्ली तरुण बातमीदार माझ्याकडे एखादी 'आतली' माहिती घेऊन येतात तेव्हा मी त्यांना माहिती खरी आहे का, हे नंतर विचारते. आधी विचारते, ती मिळाली कशी? समोरचा माणूस बोलायला मोकळा होता का? त्याचा वकील कोण? आणि कागद अख्खा पाहिलात, की फक्त उत्तरं? यातलं एक जरी उत्तर हातात नसेल तर बातमी थांबवायची. दुसऱ्या पेपरात ती आधी छापून आली तरी चालेल.

मी संपादकांकडे दुरुस्ती छापण्याची विनंती केली होती. इतक्या जुन्या बातमीची दुरुस्ती कशाला, असं उत्तर आलं. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "दुरुस्ती करा, पण नाव पुन्हा छापू नका." त्याचं म्हणणं मी मानते, म्हणून प्रकरण सांगितलेलं नाही. दुरुस्ती मात्र इथे करते आहे. त्या चाचणीत संशयिताने कुणाचंही नाव स्वतःहून घेतलं नव्हतं. नाव प्रश्नकर्त्याने घेतलं होतं. पिशवीत काय होतं, असं विचारल्यावर त्याने दोनदा आईचं औषध असं सांगितलं होतं. ही दोन्ही वाक्यं माझ्यासमोर होती आणि ती मी वाचकांपासून लपवली.