मधली कुस्ती

आमच्याकडच्या यात्रेच्या हँडबिलाचा साचा ठरलेला आहे. पहाटे अभिषेक, मग मांडवडहाळे, हारतुरे, शेरणीवाटप, रात्री छबिना आणि तमाशा. दुसऱ्या दिवशी दुपारी 'नामांकित मल्लांच्या निकाली कुस्त्यांचा जंगी हगामा'. आता फ्लेक्स आले. त्यावर शेवटच्या कुस्तीच्या दोघांचे दंड फुगवलेले फोटो असतात. सुरुवात लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते, हे न छापता सगळ्यांना माहीत असतं. या दोन टोकांच्या मध्ये दोन-तीन तास जे लढतात, त्यांची नावं कुठंच नसतात. माझी उमेदीची वर्षं तिथं गेली.

गाव आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, घोड नदीच्या अंगाला. घरची शेती बेताची, पण तालीम गावची आणि वस्ताद फुकट शिकवणारे. पहिलं इनाम मूठभर रेवड्या. त्या घामेजल्या हातात घेतल्या की निम्मी मातीच तोंडात जायची. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेलं असतं. चव अजून सांगता येईल. रेवड्यांवरून नारळ, नारळावरून दहाची नोट, मग पन्नास, शंभर, पाचशे. पैलवानाचं वय आमच्याकडं दाखल्यावर बघत नाहीत, कितीच्या कुस्तीला उभा राहतो त्यावर धरतात.

जोड कशी लागते ते बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळायचं नाही. वजनकाटा नसतो, गट नसतात. पंच पोराचा हात धरून वर करतो आणि हौद्याभोवती फिरवतो. 'पाचशेची कुस्ती! हाय का कोण याला?' कडेच्या गर्दीतून एकजण शर्ट काढत उठतो. पंच दोघांना शेजारी उभं करतो, खांद्याला खांदा लावून बघतो, दंड चाचपतो, मागं सरून पुन्हा एकदा पायापासून मानेपर्यंत नजर फिरवतो. त्या अर्ध्या मिनिटात आम्हीही समोरच्याला वाचत असायचो. कान चेचलेले असतील तर हा मुरलेला गडी. गुडघ्याला काळा पट्टा असेल तर तोच पाय पुढं ठेवतो का, की लपवतो? नखं काढलीत का? मान खाली घालून माती अंगाला लावतो की लोकांकडं बघत लावतो? लोकांकडं बघणारा बहुधा दमाला कच्चा असतो. वस्ताद एवढंच सांगायचे, "जोड बघून हो म्हण. हो म्हटल्यावर मग बघू नको."

पौष पौर्णिमेला नागापूरला थापलिंगाचा खंडोबा झाला की यात्रा उघडतात आणि चैत्र-वैशाखात रोज कुठंतरी हगामा असतो. एका मोटारसायकलवर तिघं, मधल्याच्या मांडीवर लंगोट-जांघियाची पिशवी. जुन्नर, खेड, शिरूर झालंच, पण माळशेजच्या अलीकडची गावं, आणे घाट ओलांडून पारनेर, ब्राह्मणवाड्यावरून अकोले-संगमनेर, जिथं हलगी वाजेल तिथं. नारायणगावच्या मुक्ताबाईच्या यात्रेला मोठी गर्दी. पावसाळ्यात काम थंड पडायचं ते श्रावणापर्यंत. श्रावणी सोमवारी ओतूरला मांडवीकाठी कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी बघायला लोक लोटतात आणि दुपारी आखाडा भरतो. त्या ओल्या दिवसांत ओतूरनं अनेकांचा खुराक चालवला आहे.

कोल्हापूरकरांना शाहू महाराज लाभले. खासबागचं मैदान १९१२ सालचं. राजा पैलवान पोसायचा. आमच्या भागाला असा राजा नव्हता. आमचा धनी म्हणजे यात्रा कमिटी, आणि कमिटीचा खजिना म्हणजे घरटी वर्गणी. लाऊडस्पीकरवरून पुकारा व्हायचा, अमक्या आबांकडून या कुस्तीला शंभर जादा, आणि आम्ही माना धरलेल्या अवस्थेतही ते ऐकायचो. कोणी कबूल करणार नाही, पण ऐकायचो.

वर्गणीचा पैसा कुठल्या पारड्यात पडतो, यावर आमचं पोट असायचं. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. शर्यतींचे घाट ओस पडले आणि आमच्या गावासारख्या काही गावांनी तो खर्च हगाम्याकडं वळवला. इनामं वाढली. बैलवाले हळहळत होते आणि आम्ही मनातून खूश होतो, हे लिहायला आता हरकत नाही. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी मिळाली आणि पारडं पुन्हा फिरलं. त्याआधी करोनानं दोन चैत्र कोरडे घालवले. मल्ल म्हणून ओळखलेली पोरं मी तेव्हा टोमॅटोची क्रेट उचलताना पाहिली.

'नुरा' हा आरोप मधल्या पैलवानाच्या पाचवीलाच पुजलेला. लोकांना वाटतं, दोघांनी आधीच ठरवून बरोबरी केली आणि इनाम निम्मं-निम्मं वाटून घेतलं. असं होतं, नाही असं नाही. पण दुसरी बाजूही आहे. तोच अकोल्याचा गडी एका आठवड्यात तिसऱ्यांदा समोर येतो. त्याला माझा एकेरी पट ठाऊक, मला त्याचा घिस्सा ठाऊक. तो ढाक भरायला खांदा वळवायच्या आतच मी कंबर मागं घेतो. परवा रात्री आम्ही एकाच घरी भाकरी खाल्लेली असते, उद्या आणखी एका गावी लढायचं असतं, आणि कडेला लोक ओरडत असतात, 'निकाल! निकाल!' अशा दोघांत निकाल लागायला कोणीतरी मोडावं लागतं.

माझा खांदा तसाच मोडला. गाव सांगत नाही. कमिटीतल्या कोणीतरी जीपचं भाडं दिलं, इनामाची निम्मी रक्कम पाकिटात घातली आणि हलगी पुढच्या जोडीला लागली. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. पावती पुस्तकात खांद्यासाठी रकाना नव्हता. त्यानंतर पाचशेची कुस्ती तीनशेवर आली, मग कमिट्या मलाच म्हणू लागल्या, "पैलवान, तुम्ही पंच म्हणून या." शिट्टी आणि फेटा मिळाला. फेटा फुकटचा असतो, पण इनाम लिहायची वही पंचाच्या हाती येते. मी आयुष्यात पहिल्यांदा हगाम्याचा पूर्ण हिशेब तेव्हा पाहिला. शेवटच्या कुस्तीचा आकडा आणि मधल्या सगळ्या कुस्त्यांची बेरीज शेजारी लिहिली, तेव्हा वही मिटून ठेवावीशी वाटली.

महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. गदा मोजक्यांच्याच खांद्यावर जाते. २०२३ च्या जानेवारीत कोथरूडला आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या शिवराज राक्षेनं ती उचलली तेव्हा इकडच्या तालमींत पोरं मावेनात. ती पोरं येतात केसरी व्हायला आणि जवळजवळ सगळी मधली होतात. यात कमीपणा कसला? केसरीची कुस्ती बघायला माणूस दुपारीच जागा धरून बसतो, त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवणारे कोण? मधल्या कुस्त्या पडेल झाल्या तर गर्दी जिलेबीच्या दुकानांकडं पांगते, हे पंच झाल्यावर दर यात्रेत पाहतो.

पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, अमेरिकेतलं बास्केटबॉल मोबाइलवर बघतो. त्यानं मला तिथल्या अशाच एका मधल्याची, इश स्मिथची गोष्ट सांगितली. हा खेळाडू २०१० मध्ये एनबीए या तिथल्या व्यावसायिक स्पर्धेत आला आणि तेरा संघांकडून खेळला. तेवढे संघ तिथं दुसऱ्या कोणाच्या नावावर नाहीत. कधी हंगामाच्या मध्येच बदली, आज या शहरात तर महिन्याभरात त्या. फार मोठा तारा तो कधीच नव्हता. २०२३ मध्ये डेन्व्हरच्या संघाबरोबर अजिंक्यपद मिळालं, तेही बहुतेक बाकावर बसून. मी विचारलं, "त्याला पैसे कोण देतं?" पुतण्या म्हणाला, "काका, करार असतो. आणि तीन हंगाम भरले की पेन्शनचा हक्क लागतो." मोटारसायकलवरच्या आम्हा तिघांपैकी एक आता साखर कारखान्यावर आहे, एक सकाळी दूध घालतो आणि मी कांदा करतो. पेन्शन कसली, हगाम्यात हाड मोडलं तर प्लास्टरचा खर्चही घरचा. सरकारी मानधनाच्या घोषणा होतात त्या केसरींसाठी. त्यांना मिळावंच, आमच्या नावाची तर कुठं नोंदच नाही.

म्हणून यंदा ज्या गावांत पंच म्हणून बोलावतील तिथं मी एक अट घालणार आहे, आणि हे वाचणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक कमिटीला तीच विनंती आहे. शेवटच्या कुस्तीच्या इनामातून थोडी रक्कम काढा. अर्धी मधल्या जोडांच्या इनामात टाका आणि अर्ध्यातून त्या दिवसापुरता सगळ्या पैलवानांचा अपघात विमा उतरवा. पावती पुस्तक छापायला टाकाल तेव्हा त्यात विम्याचा एक रकाना वाढवून घ्या, आणि हँडबिलावर जागा उरली तर मधल्यांची नावंही येऊ द्या.