तहानलेला देव

नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूर हे गाव आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी काही वर्षे बँकेच्या बदलीने आम्ही सहकुटुंब तेथे राहावयास गेलो, तेव्हा हे गाव परभणी जिल्ह्यात मोडत असे. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचे एकटेच. वसईच्या बावखलांच्या आणि विहिरींच्या ओलाव्यात जन्म काढलेली आमची आई तेथील पहिल्याच उन्हाळ्याने बावरून गेली. घागरभर पाणी दोन वेळा वापरावयाचे असते, हे तिला त्या वयात शिकावे लागले.

शेजारी एक वारकरी वृद्धा राहत असत. गळ्यात तुळशीची माळ, बोलण्यात पदोपदी नामदेवांचा उल्लेख. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ज्याची ख्याती आहे ते नर्सी त्याच परिसरात. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. पहिल्या नाताळात आम्ही ओसरीवर गोठा मांडला, तेव्हा त्या पाहावयास आल्या आणि गव्हाणीतील बाळाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यो तुमचा देव? म्हंजी अवतारच की." मग त्यांनी आम्हांला पैठणची कथा सांगितली. एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन राहिला आणि बारा वर्षे त्याने कावडीने पाणी भरले. कथा संपवून त्यांनी विचारले, "तुमच्या देवानं काय केलं?"

आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले उत्तर दिले. देवपुत्र, तारण, पाप, क्रूस, सारे काही ओळीने सांगितले. मावशींनी शांतपणे ऐकून घेतले. जाताना पुन्हा एकवार गव्हाणीकडे पाहिले आणि पुटपुटल्या, "लई थंडी वाजत असंल लेकराला."

आमच्या लांबलचक उत्तरात थंडी कोठेच नव्हती.

वास्तविक ख्रिस्तसभेने पहिली काही शतके याच थंडीसाठी झगडा केला. ख्रिस्ताचे शरीर केवळ भासमान होते, त्याला वेदना झाल्याच नाहीत, असे म्हणणारे अगदी आरंभीच निघाले होते. पुढे चौथ्या शतकात अपोलिनारिस नावाच्या बिशपांनी शिकविले की, ख्रिस्ताचा देह मानवी खरा, पण त्यात मानवी मनाच्या जागी दैवी शब्द होता. भक्तिभावाने पाहिल्यास हे मत किती गोड वाटते! आपल्यापैकी अनेकजण न कळत आजही तेच मानतात, असा आमचा अंदाज आहे. परंतु सभेने ते नाकारले. जे त्याने धारण केले नाही ते बरे झाले नाही, असा नाझियान्झच्या संत ग्रेगरींच्या युक्तिवादाचा आशय होता. अखेर ४५१ साली खाल्सेदोनच्या धर्मपरिषदेने शिक्कामोर्तब केले: ख्रिस्त पूर्णतः देव आणि पूर्णतः मानव आहे. म्हणजे बाळ येशूला थंडी वाजली, आणि तो बोलावयास शिकला तेही इतर मुलांप्रमाणे बोबडे बोलूनच. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, परक्याची भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' राचोल येथे छापले गेले, याचे आम्हांला केवढे कौतुक! पण नाझरेथच्या घरात साक्षात शब्दालाच आईच्या मांडीवर एकेक शब्द शिकावा लागला, याचे नवल आम्ही कधी केले होते?

मावशींच्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हांला फार उशिरा सापडले. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात ते आहे. भर दुपारी येशू चालून चालून थकतो, याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. पोहरा तिचा, पाणी तिच्या हातचे. आणि यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. श्रीखंड्याने प्रेमापोटी पाणी वाहिले. ती कथा थोर आहे, तिला उणे लेखण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण श्रीखंड्या स्वतः तहानलेला नव्हता, आणि ओळख पटताच तो अदृश्य झाला. (इम्माऊसला येशूही अदृश्य झाला, हे चाणाक्ष वाचक म्हणतील. खरे आहे, पण त्यानंतर तो आपल्या जखमा दाखवावयास परत आला. त्याने मानवी देह टाकून दिला नाही, आजही तो मानव आहे, ही आपली श्रद्धा.) आमच्या देवाने पाणी मागितले, हे उत्तर आम्ही मावशींना द्यावयास हवे होते.

ते त्या वेळी सुचले नाही याचे एक कारण लाजिरवाणे आहे. वसईच्या आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी मजुरांना पाणी वरून ओंजळीत ओतले जाई. ओतणारी आमची आई असे, आणि पाहणारे आम्ही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, हा धडा आम्ही शाळेत वाचला होता. आमच्या विहिरीशी त्याचा काही संबंध आहे असे घरात कोणालाच वाटले नाही. रविवारी मात्र आम्ही न चुकता मिस्साला जात होतो.

बाळापूरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. हळूहळू माणसांची ओळख गेली, पुस्तकी मराठी गेली, उरली ती फक्त वसईची बोली, तीही तुटक. एके रात्री तिने विचारले की, येशू तर तरुणपणीच गेला, म्हातारपण त्याला काय ठाऊक? आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. एवढेच आठवले की, क्रुसावर हात खिळलेले असताना त्यालाही तहान लागल्याचे दुसऱ्याला सांगावे लागले आणि भिजवलेला स्पंज कोणीतरी तोंडाशी धरावा लागला. आम्ही ओल्या कापसाने आईचे ओठ पुसत होतो.

दुपारी आम्ही बँकेत आणि मुले शाळेत. सौभाग्यवतींना क्षणाची उसंत नसे. मावशी आपणहून येऊन बसू लागल्या. पहिल्या दिवशी तांब्या हातात घेऊन त्या उंबऱ्याशीच थांबल्या आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "आमच्या हातचं पाणी चालतं ना मायला?"

सौभाग्यवतींनी त्यांना हाताला धरून आत नेले. मावशींनी आईची मान आपल्या दंडावर घेतली आणि चमच्याने पाणी पाजले. कोणालाही न ओळखणाऱ्या आईने त्यांचे मनगट घट्ट धरले आणि त्यांना "बाय" अशी हाक मारली. वसईला ती आपल्या आईला याच नावाने हाक मारीत असे. तांब्या रिकामा होईपर्यंत तिने ते मनगट सोडले नाही.