पिठाचा कोंबडा आणि मोबाईलवरची बंदूक



महिला मंडळात हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : मुलांना मोबाईलवर गेम खेळू द्यावेत की नाही? माझा नातू नऊ वर्षांचा आहे. बंदुकीच्या गेमवरून टोकलं की म्हणतो, "आजी, खरंच कोणी मरते का त्यात?"

याचं उत्तर आपल्या यशोधर राजाच्या कथेत आहे. आईच्या आग्रहाखातर त्याने देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला. जीव कोणाचाच गेला नाही, पण मारण्याचा भाव झाला. त्यापायी दोघांनाही तिर्यंच गतीत जन्मामागून जन्म भोगावे लागले. नातवाला ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने विचारलं, "मग कोणताच गेम नाही?"

तसंही नाही. आपल्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. तेच बुद्धिबळ मोबाईलवरही खेळता येतं, कोडी सोडवता येतात. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे सरसकट शेरा न मारता खातं तपासते. सप्त व्यसनांत जुगार आहे आणि शिकारही आहे. पैसे लावायचे गेम जुगारात मोडतात. 2025 मध्ये सरकारनेही कायदा करून ते बंद केले. मारण्यातच मजा वाटायला लावणारे गेम शिकारीच्या जवळचे. हे दोन सोडून बाकीच्यांचा विचार करता येतो.

राहिला वेळेचा हिशोब. सामायिक 48 मिनिटांचं असतं. आमच्या घरी गेमलाही तेवढीच मर्यादा आहे, तीही अभ्यास झाल्यावर. जेवताना मोबाईल नाही. सूर्यास्ताच्या आत चार घास जावेत म्हणून काही घरांत लेकरापुढे मोबाईल ठेवतात. पोट भरतं, पण काय खाल्लं हे लेकराला कळत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. सासूबाई मालिकेत आणि सूनबाई व्हॉट्सअ‍ॅपवर असतील, तर लेकरू कोणाचं ऐकणार? या चातुर्मासात एखादा नियम घ्यायचा असेल, तर संध्याकाळचा एक तास सगळ्या घराने मिळून घ्या.