धनंजयरावांचं देणं

अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांना मी कधी पाहिलं नाही. 3 मे 1971 ला दिल्लीहून परतताना रेल्वेतच ते गेले, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. वेल्ह्याच्या आमच्या खोऱ्यात ती बातमी कुणाच्या कानावर आली असेल असं वाटत नाही. तरीही आमच्या घरावर ज्यांचे उपकार आहेत त्यांची नावं घ्यायची झाली, तर आईवडिलांनंतर मी त्यांचंच नाव घेतो.

आमची शेती म्हणजे ओढ्याकाठची भातखाचरं आणि वर डोंगरउताराला नाचणी-वरईची माळरानं. रोहिण्या निघाल्या की घरातली कणगी तळाला जायची. मग वडील सावकाराकडून बियाण्याला आणि खायला भात आणायचे. सुगीला ते दिढीनं, म्हणजे पायलीला दीड पायली असं फेडायचं. खळ्यावर रास पडली की पहिली मापं त्याची. कागद कधी झाला नाही, हिशेब त्याच्या तोंडी. ओढ्याजवळचं सगळ्यात चांगलं खाचर आजोबांच्या वेळीच त्याच्याकडे गेलं होतं, ते परत आलंच नाही. आई त्या बांधावरून जाताना नेहमी खाली मान घालून जायची, एवढं मला आठवतं.

पुढे गावच्या विकास सोसायटीतून वडिलांना पीक कर्ज मिळालं. थोडं रोख, थोडं खताच्या पोत्यांच्या रूपानं. रक्कम फार नव्हती. पण त्या साली खळ्यावरचं भात आधी आमच्या घरात आलं. मी शिकून त्याच खोऱ्यात सोसायट्यांचा गटसचिव झालो, त्यामागे त्या साली पाहिलेली रास होती.

सहकाराच्या प्रशिक्षणाला पुण्यात होतो तेव्हा एका वयस्कर शिक्षकांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. रिझर्व्ह बँकेनं 1951 मध्ये देशभरातल्या 75 जिल्ह्यांतल्या 600 गावांत पाहणी करवली होती. शेतकरी कर्ज काढतो ते कुणाकडून, हा प्रश्न. अहवाल 1954 ला आला. सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3 टक्के, सावकारांचा जवळजवळ 70. गोरवाला समितीचा तो अहवाल आणि त्या समितीतले एक सदस्य धनंजयराव गाडगीळ. त्या 70 टक्क्यांत माझे आजोबा होते, हे मला वर्गात बसल्या बसल्या कळलं. आपल्या घरातली लाज देशाच्या हिशेबात मांडलेली असते, आणि ती मांडणाऱ्याला तिचा राग आलेला असतो, हे त्या दिवशी समजलं. तेव्हापासून त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आलो.

1901 साली नाशिकला जन्म, नागपुरात बालपण, मग केंब्रिज. भारतातल्या उद्योगांच्या वाटचालीवरचा तिथला प्रबंध 1924 ला पुस्तकरूपानं आला आणि पुढे कैक पिढ्यांनी तो अभ्यासला. 1930 साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक. एवढा शिकलेला माणूस विद्यार्थ्यांना घेऊन गावोगावी हिशेब टिपत हिंडला. आमच्या भोरच्या डोंगराला लागूनच वाई तालुका. तिथल्या शेतकऱ्यांच्या शेतीचा जमाखर्च त्यांनी तपासला आणि 1940 ला छापला. मांढरदेवीचा घाट उतरताना मला नेहमी वाटतं, की शेतकरी धंदा करतो, त्याला खर्च येतो, तो खर्चही मोजला पाहिजे, हे आमच्या भागाबद्दल पहिल्यांदा कुणीतरी इथे मनावर घेतलं.

पीक कर्जाचं मोल मला गटसचिव झाल्यावर खरं उमगलं. जमिनीच्या तारणावर कर्ज दिलं तर ज्याच्याकडे जमीन जास्त त्यालाच ते मिळणार. येणाऱ्या पिकावर, त्या पिकाला लागणाऱ्या खर्चावर कर्ज द्या आणि वसुली विक्रीशी जोडा, असा गोरवाला समितीच्या अहवालाचा आग्रह. दरवर्षी कमाल मर्यादा पत्रक, म्हणजे कुणाला किती पीक कर्ज देता येईल त्याची यादी, भरताना मी वीस गुंठेवाल्याचं नाव लिहायचो, तेव्हा त्या आग्रहाचीच अंमलबजावणी करत होतो. वीस गुंठेवाल्याला दुसऱ्या कुठल्या बँकेनं तेव्हा दारात उभं केलं असतं?

लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांसोबत त्यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि पहिले अध्यक्षही झाले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिल्लीतलं काम मात्र विसरलं गेलं. 1967 ते 1971 ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्राची मदत तोवर वजन बघून मिळे. त्यांनी सूत्र घालून दिलं: 60 टक्के लोकसंख्येवर, आणि 10-10 टक्के दरडोई उत्पन्नातलं मागासलेपण, करवसुलीचे प्रयत्न, सुरू असलेले पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांवर. गरीब राज्याला हक्कानं मागता येईल असा हिशेब झाला. त्यांच्याच अभ्यासगटानं 1969 मध्ये सुचवलं, की बँकांनी एकेक भाग वाटून घेऊन सांभाळावा. त्यातून जिल्ह्याजिल्ह्याची अग्रणी बँक आली.

भोर-वेल्ह्याच्या माणसाला तरीही एक सल राहतो आणि ऋण मान्य करतानाच तो सांगितला पाहिजे. 1928 ला पुरं झालेलं भाटघर धरण भोरच्या जमिनीवर उभं आहे आणि त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडे जातं. तिथे ऊस, कारखाने, आणि उसाला हेक्टरी कर्जही भातापेक्षा कितीतरी जास्त. पाण्यानं एखाद्या मुलखाचं काय होतं, याचा अभ्यास धनंजयरावांनी गोदावरी-प्रवरा कालव्यांवर केला होता. पाणी देणाऱ्या मुलखाचा तसा हिशेब व्हायचा राहिला. सहकार बागायतीत जितका वाढला तितका मावळात वाढला नाही, आणि बागायतीतही तो पुष्कळ ठिकाणी मूठभर घराण्यांच्या हातात गेला. हा दोष मी त्यांच्या विचाराला देत नाही. सभासदानं सभेला जायचं सोडलं, तिथून ते सुरू झालं.

त्यांचे चिरंजीव माधवराव पुढे पश्चिम घाटाच्या अभ्यासात उतरले. देवराया त्यांनी पायी पाहिल्या, आणि 2011 चा घाटाबद्दलचा त्यांच्या समितीचा अहवाल सर्वज्ञात आहे. ग्रामसभेला विचारून निर्णय घ्या, असं त्यात आहे. वडिलांनी सोसायटीच्या सभासदावर जो विश्वास टाकला, तोच मला मुलाच्या शब्दांत दिसतो.

निवृत्त झाल्यापासून मी खोऱ्यातल्या पोरांना एवढंच सांगतो, आणि वाचणाऱ्यांनाही सांगतो. तुमच्या बापाच्या नावावर गावच्या सोसायटीत भाग असेल. तो वारसानं आपल्या नावावर करून घ्या. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होते, त्या दिवशी पुण्याहून गावी या, ताळेबंद हातात मागून घ्या आणि उभं राहून प्रश्न विचारा.