टायरच्या पकडीचा हिशेब

संगणकावर मोटारशर्यत खेळणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपल्या व्यापारी घरांत मानले जाते. परंतु ‘असेटो कोर्सा’ हा इटलीत तयार झालेला आभासी शर्यतीचा खेळ नातवाशेजारी बसून महिनाभर पाहिल्यावर मला त्यात जमाखर्चाची शिस्त आढळली. तसा आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेत उतरले होते.

मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढा टेकतो. त्याची पकड म्हणजे मर्यादित भांडवल. ब्रेकसाठी ते सारे खर्ची घातले, तर वळण्यासाठी शिल्लक काही उरत नाही आणि मोटार सरळ बाहेर जाते. हवा अधिक भरली की टायरचा मधला भाग जास्त तापतो, कमी भरली की दोन्ही कडा. शिवाय धावताना टायर तापून आतील दाब वाढतो, म्हणून थंड टायरमध्ये तेवढी हवा कमी ठेवावी लागते. नातू एका वेळी एकच बदल करतो. कधी हवा, कधी चाकाचा कल, कधी स्प्रिंगचा ताठरपणा. मग चार फेऱ्या मारून वेळ वहीत टिपतो. दोन बदल एकदम केले, तर नफा कोणत्या खात्यातला हे कळणार कसे? (शाखा-तपासणीत आम्हीही याहून वेगळे काय करीत होतो!)

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीला निघालेल्या दुकानाच्या टेम्पोची हवा त्याने स्वतः मोजली. माल भरलेला, मागचा एक टायर बराच उतरलेला. अशा टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि फुटू शकते. पुढे आंबा घाटाची ओली वळणे होती. हवा भरून घेतल्यावरच टेम्पो हलला.

तथापि, खेळात समोरून एसटी येत नाही, घसरल्यास दरी नाही, आणि मोटार सुटू लागल्याचे पाठीला जाणवत नाही. दिवाळीत नातवाला अठरा पूर्ण होतील. टेम्पोची किल्ली त्याच्या हाती द्यावी का, याबद्दल घरात एकमत नाही. माझे मत मी त्याच्या वडिलांना सांगितले आहे: परवाना हाती आल्यावर पहिले सहा महिने रिकामी गाडी, कोरडा रस्ता, शेजारी आपला जुना चालक, आणि मलकापूरहून फक्त आंबा गावापर्यंत. घाट उतरायचा नाही.