बैकलचा काठ

चि. अनिरुद्धास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बैकल सरोवराची एवढी चिंता करण्याचं कारण नाही, हे तू आकडे देऊन मांडलं आहेस, तेव्हा उत्तरही सविस्तर द्यायला हवं. सैबेरियातलं हे सरोवर अडीच-तीन कोटी वर्षांचं, ६३६ किलोमीटर लांब, १,६४२ मीटर खोल; पृथ्वीच्या पाठीवर द्रवरूपात असलेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या बैकलमध्ये आहे. हे सगळं खरं. पण एवढ्या पाण्यात काठच्या चार गावांचं सांडपाणी कुठल्या कुठे विरून जाईल, हा तुझा निष्कर्ष मला पटत नाही. तू पाणी मोजलंस. त्यातले जीव कुठे राहतात, हे पाहिलं नाहीस.

बैकल ही जमीन दुभंगून झालेली दरी आहे, त्यामुळे तिचे उतार सरळ खाली जातात आणि उथळ पाण्याचा पट्टा अगदी चिंचोळा उरतो. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो तो याच पट्ट्यात. खडकांवर वाढणारं शेवाळ, फांद्याफांद्यांचे हिरवे स्पंज, गोगलगायी, कोळंबीच्या नात्यातले शेकडो जातींचे चिमुकले जीव, सगळी दाटी इथेच. बैकलमधून अडीच हजारांहून अधिक प्राणिजाती नोंदल्या गेल्या आहेत, त्यांतल्या बहुसंख्य जगात दुसरीकडे कुठेही नाहीत आणि त्यांतल्या बऱ्याचशा या काठाला धरून जगतात. शोषखड्ड्यांतून झिरपलेलं पाणी वाळूतून येऊन मिळतं तेही इथेच, मधल्या अथांग पाण्यात मिसळण्याच्या आधी. सन २०१०च्या सुमारापासून लिस्तव्यांका, सेवेरोबैकाल्स्क अशा वस्त्यांसमोर स्पायरोगायरा हे धाग्यासारखं शेवाळ माजू लागलं. पूर्वी ते इथे असं कधी माजत नव्हतं. ते कुजून काठावर ढिगांनी साचू लागलं. त्याच सुमारास स्पंज आजारी पडू लागले, मरू लागले. इर्कुत्स्कच्या लिम्नॉलॉजिकल संस्थेतले ओलेग तिमोश्किन आणि त्यांचे सहकारी यांनी हे काठाकाठाने तपासून मांडलं, आणि शेवाळाच्या वाढीचा संबंध नीट शुद्ध न केलेल्या सांडपाण्याशी जोडला. मधलं पाणी आजही बरंचसं निर्मळ आहे, आणि तरीही काठावर हे घडतं आहे. सरासरी काढली की काठ दिसेनासा होतो. शिवाय विरलेलं नाहीसं होत नाही: बैकलला शेकडो नद्या मिळतात, पण बाहेर पडते ती एकटी अंगारा, आणि आत आलेलं पाणी सरासरी तीनशेहून अधिक वर्षं आतच राहतं.

मधल्या खोल पाण्याबद्दलही निर्धास्त राहावं असं नाही. मिखाईल कोझोव्ह या शास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात बैकलच्या पाण्याच्या नियमित नोंदी सुरू केल्या. दर आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून. त्यांच्यानंतर त्यांची मुलगी ओल्गा कोझोव्हा यांनी हे काम चालवलं, पुढे नात ल्युबोव्ह इझमेस्तयेवा यांनी. युद्ध नुकतंच संपत होतं तेव्हापासून सोव्हिएत संघ कोसळला त्यानंतरही ही माळ तुटली नाही, याचं मला फार मोल वाटतं. साठ वर्षांच्या या नोंदींचं विश्लेषण २००८ साली प्रसिद्ध झालं. वरच्या थराचं पाणी १९४६पासून सुमारे १.२ अंश सेल्सियसने तापलं होतं. उबदार पाण्यात फोफावणाऱ्या, जगभर आढळणाऱ्या प्लवकांची संख्या तिपटीहून अधिक झाली होती. आता एपिशुराचा विचार कर. जेमतेम दीड मिलिमीटरचा हा जीव बैकलखेरीज कुठे नाही. सरोवरातल्या प्राणिप्लवकांच्या वजनात बहुतेक वाटा त्याचाच. तो अतिसूक्ष्म शेवाळ गाळून खातो, त्याच्यावर मासे पोसले जातात, आणि माशांवर नेर्पा, म्हणजे पूर्णपणे गोड्या पाण्यात जगणारी जगातली एकमेव सील जात. एपिशुराला गारवा हवा. नेर्पाला पिल्लं घालायला बर्फ हवा, आणि १८६९पासूनच्या नोंदी पाहिल्या तर विसावं शतक संपेपर्यंत बर्फाविना दिवस सुमारे अठराने वाढले होते.

तुझा सर्वांत जोरकस मुद्दा वयाचा आहे. ज्या सरोवराने हिमयुगं पचवली, त्याला अंशभर उष्म्याने काय होणार? पण तळाच्या गाळातल्या डायटम या सूक्ष्म शेवाळांच्या काचेरी कवचांचा पुरावा तुझ्या बाजूने बोलत नाही. थंडीच्या कडाक्यात डायटम जवळजवळ नाहीसे झाले, पुन्हा वाढले तेव्हा जुन्यांतल्या काही जाती कायमच्या गेल्या होत्या आणि नव्यांनी जागा घेतली होती. सरोवर टिकलं, रहिवासी बदलले. त्या उलथापालथीही हजारो वर्षांच्या चालीने झाल्या. आज जगणाऱ्या जाती गारव्यात घडलेल्या आहेत. उष्मा आणि खतावलेलं पाणी एकाच आयुष्यात सोसण्याची परीक्षा त्यांनी दिलेली नाही.

राहिला कारखान्याचा मुद्दा. बैकाल्स्कचा लगदा-कागद कारखाना १९६६ साली सुरू झाला आणि २०१३ साली बंद पडला, तेव्हा प्रश्न मिटला असं तू लिहितोस. त्याचा सुमारे साठ लाख टन गाळ दक्षिण काठावर तळ्यांत मागे राहिला, दरडी आणि चिखलाचे लोट येणाऱ्या डोंगरांच्या पायथ्याशी. शिवाय स्पायरोगायरा माजलं ते त्या कारखान्यापासून कितीतरी लांब असलेल्या गावांसमोरही. एका कारखान्याला टाळं लावता येतं. शेकडो अतिथिगृहं, कपड्यांची पावडर आणि गळके खड्डे यांना टाळं लावता येत नाही. तिथे शुद्धीकरण केंद्रं बांधावी लागतात आणि ती वर्षानुवर्षं नीट चालवावी लागतात, त्यांतून शेवाळाला खत ठरणारे फॉस्फरस आणि नायट्रोजन काढून घ्यावे लागतात.

लोकांच्या पोटाचा प्रश्न तू काढलास, तो मी हलका मानत नाही. कारखान्याबरोबर एका गावाची कमाई गेली, आणि २०१७ साली ओमूल माशाच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आली तेव्हा कोळ्यांची. पण पर्यटक येतो तो त्या पारदर्शक पाण्यासाठी. काठ सडला तर त्या धंद्याचाही आधार जाईल. आणि तापमान आपल्या हाती नाही, मग सांडपाण्याने काय साधणार, असं म्हणशील, तर सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनकडे पाहा. १९६०च्या दशकात तिथलं सांडपाणी दुसरीकडे वळवलं आणि काही वर्षांत गढूळलेलं पाणी निवळलं. ते सरोवर लहान, त्यातलं पाणी लवकर बदलतं, म्हणून ही तुलना साऱ्या बैकलला लागू होत नाही. काठाच्या पट्ट्यापुरती ती विचारात घेण्याजोगी आहे. उष्मा आणि खत एकमेकांना बळ देतात. त्यांतलं एक आपल्याला थांबवता येतं, ते आधी थांबवावं.

म्हणून पहिला पैसा कुठे घालावा असं मला विचारलंस, तर मी लिस्तव्यांका आणि सेवेरोबैकाल्स्कची सांडपाण्याची व्यवस्था म्हणेन, आणि कोझोव्ह कुटुंबाने खोल पाण्याची केली तशी काठाची नियमित नोंद. सेलेंगा नदीबद्दल मी मुद्दाम लिहिलं नाही. मंगोलियातून येऊन बैकलला जवळजवळ निम्मं पाणी पुरवणाऱ्या त्या नदीचा हिशेब दोन देशांमधला आहे, त्याला वेगळं पत्र हवं. तोवर तुझं उत्तर येऊ दे.

तुझी,
मावशी